सुखी डुकराची चव

शनिवारी सकाळी लवकर उठणं आमच्या घराच्या घटनेत बसत नाही. तरीही गेल्या शनिवारी मी साडेसातला उठलो, अंगावर दोन स्वेटर चढवले आणि बस पकडून स्ट्राउडच्या शेतकरी बाजारात गेलो. (स्ट्राउड हे ग्लॉस्टरशायरमधलं टेकड्यांत वसलेलं छोटं गाव. इथला बाजार १९९९ पासून भरतोय.) कारण एकच, सॉसेजेस. हापिसातल्या एका गोऱ्या सहकाऱ्याने तीन महिने माझं डोकं खाल्लं होतं. "तू सुपरमार्केटमधलं सॉसेज खातोस? अरे, ते सॉसेजच नव्हे! एकदा सुखी डुकराचं सॉसेज खाऊन बघ. चवीतच कळतं."

चवीतच कळतं. हे वाक्य लक्षात ठेवा मंडळी, आजचं सगळं भांडण त्याच्याशी आहे.

तर बाजारात एका छोट्या फार्मचा ठेला सापडला. ठेल्यावरच्या बाई साधारण माझ्या आईच्या वयाच्या, हात थंडीने लालभडक. त्यांची डुकरं 'ग्लॉस्टरशायर ओल्ड स्पॉट' या स्थानिक जातीची. पांढरट अंग, त्यावर काळे ठिपके आणि कान एवढे मोठे की डोळ्यांवर पडतात. ही डुकरं पूर्वी सफरचंदांच्या बागेत खाली पडलेली फळं खाऊन वाढायची, आणि ते ठिपके म्हणजे अंगावर पडलेल्या सफरचंदांचे वळ, अशी इथली लोककथा आहे. (पारंपरिक पद्धतीने वाढवलेल्या या जातीच्या मांसाला २०१० साली युरोपियन युनियनचं संरक्षण मिळालं, सफरचंदांचा मुद्दा तिथे विचारात घेतला की नाही कोण जाणे.) बाईंनी मोबाईलवर फोटो दाखवले. चिखलात लोळणारी डुकरीण, पत्र्याच्या अर्धगोल खोपटातून डोकावणारी पिल्लं. मग एक गरमागरम सॉसेज पावात घालून हातात दिलं आणि म्हणाल्या, "खाऊन बघ, तुझं तुलाच कळेल."

खाल्लं. झकास होतं. चरबी हनुवटीवरून ओघळली. मी मनात म्हटलं, खरंच की रे, चवीतच कळतं!

पण मी पोटापाण्यासाठी टेस्टिंग करतो. (सॉफ्टवेअरचं, सॉसेजचं नव्हे.) बसमध्ये परत येताना डोक्यात किडा वळवळायला लागला. सकाळपासून उपाशी, बाहेर चार डिग्री तापमान, सुपरमार्केटच्या दुप्पट भाव मोजलेला, वर पिल्लांचे फोटो बघितलेले. अशा वेळी पावात पुठ्ठा घालून दिला असता तरी मी झकास म्हटलं असतं. ज्या टेस्टमध्ये उत्तर आधीच ठाऊक असतं तिला आमच्याकडे टेस्ट म्हणत नाहीत, डेमो म्हणतात.

म्हणून रविवारी घरीच प्रयोग केला. चार प्रकारची सॉसेजेस आणली. अ, बाईंचं: पंच्याऐंशी टक्के मांस, जन्मभर मोकळ्यावर वाढलेलं डुक्कर. ब, एका सुपरमार्केटचं महागातलं: मांस नव्वद टक्क्यांच्या वर, पण डुक्कर बाहेर वाढल्याचा कसलाही दावा पाकिटावर नाही. क, मधल्या भावाचं, 'आउटडोअर ब्रेड' लिहिलेलं. ड, सगळ्यात स्वस्त, ज्याच्या पाकिटावर डुकराचा फोटोसुद्धा परवडलेला नव्हता. मी तळली, आणि घरातल्या एकमेव शाकाहारी माणसाने (सदाशिव पेठ, दुसरं काय!) नाक मुरडत तुकडे करून बशा लावल्या. कुठल्या बशीत काय हे फक्त त्याला ठाऊक. खाणारे तिघं: मी, एक नागपूरकर आणि एक पणजीचा, जो लहानपणापासून चोरिस-पाव खात आल्यामुळे या विषयातला तज्ज्ञ समजला जातो. दोन फेऱ्या केल्या, दुसरीत बशा बदलून.

ड सगळ्यांनी दोन्ही वेळा ओळखलं. नागपूरकराचा शेरा: "हे तं पाव हाय बे. कोनं तरी पावाले डुक्कर दाखवून आनलं." पण पहिला नंबर कुणाला? दोन्ही फेऱ्यांत ब ला. बाईंचं सॉसेज एकदा दुसरं आलं, एकदा तिसरं. आणि खरी लाज तर पुढेच. दुसऱ्या फेरीत मी छातीठोकपणे एका बशीकडे बोट दाखवून म्हणालो, "हे बाईंचं. यातला मोकळेपणा बघ." ते ब होतं. सदाशिव पेठ त्या दिवशी जितकी हसली तितकी गेल्या दोन वर्षांत हसली नसेल.

आता तीन माणसं आणि दोन फेऱ्या म्हणजे काही संशोधन नव्हे. पण असं का झालं असेल हे कळायला संशोधन लागतही नाही. सॉसेज कशाने चवदार होतं? मांस किती, चरबी किती, मीठ-मिरी-सेज-जायफळ किती, तव्यावर किती खरपूस झालं आणि किती ताजं आहे यावर. इंग्लंडच्या कायद्यात 'पोर्क सॉसेज' म्हणवून घ्यायला फक्त ४२ टक्के डुकराचं मांस पुरतं, आणि त्या मांसाच्या व्याख्येतही ठरावीक प्रमाणात चरबी धरलेली आहे. उरलेलं पाणी, रस्क म्हणजे पावासारखा चुरा, आणि मसाला. नुसते ४२ चे ९० टक्के केले की चव आपोआप सुधारते, त्यासाठी डुकराला उन्हात नेण्याची गरज पडत नाही. डुकराची जात आणि कापतानाचं वय यांनी थोडा फरक पडतो, हे मान्य. ओल्ड स्पॉटसारखी जात सावकाश वाढते आणि चरबी धरते. पण हे गुण जातीचे, सुखाचे नव्हेत.

"पण दुःखी जनावराचं मांस वाईट लागतं ना?" हा प्रश्न हमखास येतो. यात तथ्य आहे, पण जेमतेम. कत्तलखान्यात नेताना, कापायच्या आधी डुकराला जबरदस्त ताण आला, तर मांस फिकट, लिबलिबीत आणि पाणी सुटणारं होतं. मांसधंद्यात हे दशकानुदशकं माहीत आहे आणि त्यात पैसा बुडतो म्हणून ते टाळण्याचे प्रयत्नही होतात. नीट बघा, हा ताण शेवटच्या काही तासांचा. त्याआधीचे पाच-सहा महिने ते डुक्कर कसं जगलं, आणि त्याच्या आईची वर्षं कशी गेली, याची नोंद मांसात अशी सरळ उमटत नाही. उमटलीच तर मसाल्यात आणि तव्यावर पुसली जाते. आपल्या जिभेला फार तर शेवटचा दिवस कळतो.

मग जिभेला काय कळत नाही?

डुकरिणीचा गर्भकाळ साधारण ११४ दिवसांचा. इथले शेतकरी तो 'तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस' असा पाठ करतात. व्यायची वेळ आली की ती घरटं करते. एडिंबरा विद्यापीठात स्टोल्बा आणि वुड-गश या संशोधकांनी पाळीव डुकरं एका डोंगरउतारावरच्या मोठ्या कुंपणात मोकळी सोडली आणि त्यांच्या वागण्याच्या वर्षानुवर्षं नोंदी केल्या. १९८९ साली त्यांचा निबंध आला. पिढ्यान्‌पिढ्या गोठ्यात पैदा झालेली ती जनावरं बाहेर आल्यावर रानडुकरासारखी वागायला लागली. व्यायच्या आधी माद्या कळपापासून दूर निघून जायच्या, आडोसा शोधायच्या, खड्डा उकरून गवत-काटक्या आणून घरटं रचायच्या. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

आता हीच मादी व्यायच्या पिंजऱ्यात ठेवा. लोखंडी गजांची चौकट, ज्यात तिला उठता येतं, बसता येतं, पण वळता येत नाही. व्यायच्या काही दिवस आधी ती आत जाते आणि पिल्लांचं दूध तुटेपर्यंत, म्हणजे साधारण चार आठवडे, तिथेच असते. वर्षाला दोनाहून थोडी जास्त वेतं, म्हणजे हे वर्षातून दोनदा तरी होतंच. आणि पेंढ्याची काडी समोर नसली तरी ती घरटं करायचा प्रयत्न करते. सिमेंटवर पाय घासते, गज चावते. हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून दहा मिनिटं नुसता बसलो होतो.

पिंजऱ्याच्या बाजूचं म्हणणंही सांगतो, नाहीतर ही एकतर्फी बोंबाबोंब होईल. डुकरीण दोनशे-अडीचशे किलोची, पिल्लू दीड किलोचं. ती धपकन आडवी झाली की पिल्लं चिरडतात. पिंजऱ्यामुळे ते कमी होतं. हे खरं आहे. पण स्वीडन, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड या देशांनी नेहमीच्या वापरातला हा पिंजरा बंद केला आणि तिथे डुकरं पाळणं थांबलेलं नाही. मोठी जागा, पेंढा, पिल्लांना सरकायला कोपरा आणि लक्ष ठेवणारा माणूस, हा तिथला उपाय. म्हणजे प्रश्न 'शक्य आहे का' हा नाही, 'पैसे कोण देणार' हा आहे. ब्रिटनमध्ये पुष्कळ माद्या बाहेर, खोपटात वितात. उरलेल्यांपैकी बहुतेक पिंजऱ्यात.

शेपट्यांचं तसंच. उकरायला माती नाही, चावायला पेंढा नाही, अशा ठिकाणी डुकरं एकमेकांच्या शेपट्या चावतात. म्हणून पिल्लांच्या शेपट्या आधीच छाटतात. सरसकट छाटायला कायद्याने बंदी आहे, अपवाद म्हणून परवानगी आहे, आणि अपवादच सर्रास चालतो. (आमच्या क्षेत्रातही बग दुरुस्त करण्यापेक्षा एरर मेसेज बंद करणारे महाभाग असतात, पण तिथे निदान रक्त येत नाही.)

हे सगळं एका बाजूला आणि 'चवीतच कळतं' दुसऱ्या बाजूला ठेवून बघा. माझा राग पिंजरेवाल्यांवर जितका आहे त्याहून थोडा जास्त या वाक्यावर आहे. का ते सांगतो.

एक, हे वाक्य खोटं पाडता येतं. आमच्या स्वयंपाकघरात ते अर्ध्या तासात पडलं. आणि ज्याला आपण 'चवीसाठी घे' म्हणून पटवलं, तो चव सारखीच लागल्यावर स्वस्ताकडे परत जाणार, त्यात त्याचं काय चुकलं? आपणच त्याला चुकीचं कारण दिलं.

दोन, या वाक्यामुळे सुपरमार्केटचं काम सोपं होतं. गिऱ्हाईक जिभेने मोजतंय म्हटल्यावर मांसाचे टक्के वाढवायचे, पाकीट मातकट रंगाचं करायचं, त्यावर कुंपण आणि कोंबडा छापायचा, झालं. २०१६ साली इथल्या सगळ्यात मोठ्या सुपरमार्केटने आपल्या स्वस्त मांसाला चक्क काल्पनिक फार्मांची नावं दिली. नाव वाचून डोळ्यांसमोर हिरवळ येते, आणि ते मांस मात्र त्या नावाच्या कुठल्याही शेतातून आलेलं नसतं.

तीन, आणि हे सगळ्यात वाईट. हे वाक्य डुकराचं दुःख आपल्या जिभेचा प्रश्न करून टाकतं. जणू ती मादी वळू शकली नाही यातली वाईट गोष्ट म्हणजे माझा नाश्ता थोडा बेचव झाला! उद्या एखाद्याने पिंजऱ्यातल्या डुकराचं सॉसेज जास्त चवदार करून दाखवलं (दाखवलंच की, ब ने!) तर पिंजरा योग्य ठरतो का?

म्हणून चवीचं नाव सोडा आणि पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. 'आउटडोअर ब्रेड' म्हणजे डुक्कर बाहेर जन्मलं, पण दूध तुटल्यावर आत गेलं. आईच्या दृष्टीने हे चांगलं, कारण ती बाहेर व्याली. पण पिल्लाचं बाकी आयुष्य पेंढ्यावर गेलं की नुसत्या फरशीवर, हे त्या दोन शब्दांतून कळत नाही. 'आउटडोअर रिअर्ड' म्हणजे साधारण अर्धं आयुष्य बाहेर. 'फ्री रेंज' म्हणजे जन्मापासून शेवटपर्यंत बाहेर. नुसतं 'ब्रिटिश' आणि रेड ट्रॅक्टरचा शिक्का असेल तर व्यायचा पिंजरा चालतो. 'फार्म', 'कंट्री', 'ट्रॅडिशनल' या शब्दांना डुकराच्या राहणीच्या दृष्टीने काहीही अर्थ नाही.

"अरे, पण महाग किती!" हो, महाग आहे. जागा, पेंढा, माणसं आणि सावकाश वाढणारी जात यांचे पैसे लागतात. पण हे मला कोण सांगतं? दोन वर्षांनी फोन बदलणारे, दीडशे पौंडांचे बूट घालणारे माझे हापिसातले मित्र. खरोखर पैसे मोजून महिना काढणाऱ्या बाईने स्वस्त सॉसेज घेतलं तर मी तोंड उघडणार नाही, तिच्यावर हे ओझं टाकायचंच नाही. पण आपण आठवड्यातून चारदा स्वस्त खातो तिथे दोनदा महाग खाल्लं तर बिल तेवढंच येतं. आणि आपण कमी मांस खाल्ल्याने मेलोय असं ऐकिवात नाही.

"मग कायदा करा की!" केला होता. ब्रिटनने गाभण डुकरिणींना महिनोन्‌महिने अरुंद खणात उभं करण्यावर १९९९ पासून पूर्ण बंदी घातली. बाकी युरोपात तशी बंदी २०१३ ला आली, आणि तीही पहिले चार आठवडे सोडून. मधल्या चौदा वर्षांत काय झालं? इथल्या शेतकऱ्यांचा खर्च वाढला, आणि गिऱ्हाइकांनी बंदीचं कौतुक करत करत परदेशातून आलेलं स्वस्त बेकन घेतलं. पौंड महाग होता, २००० साली डुकरांचा ताप आला, २००१ साली लाळ्या-खुरकत आला, अशी इतरही कारणं होती. पण दहा वर्षांत ब्रिटनमधल्या माद्यांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. उरलेली डुकरं सुखी झाली नाहीत, त्यांतली पुष्कळशी नुसतीच देश बदलून पिंजऱ्यात राहिली. कायदा हवाच, पण आयात मालालाही तोच नियम लावणारा हवा, आणि त्याच्या मागे पैसे मोजणारं गिऱ्हाईक हवं.

"एवढी दया येते तर खातोस कशाला?" हा सदाशिव पेठेचा प्रश्न, बशा धुता धुता विचारलेला. याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. त्याची भूमिका माझ्यापेक्षा सरळ आहे, हे मी मान्य करतो. एवढंच म्हणतो की मी खाणं सोडेन तेव्हा सोडेन, तोपर्यंत ती मादी गजांमागे उभी आहे, आणि 'सगळं सोडा नाहीतर काहीच करू नका' या वादाने तिला वळायला जागा मिळत नाही. (यावर तो म्हणाला, "हे तू तुझ्या सोयीचं बोलतोयस." म्हटलं, हो.)

आणि आपण मराठी माणसांनी इंग्रजांना हसायचं कारण नाही. घरी फोनवर हे सगळं सांगितलं तर आई म्हणाली, "आपल्याकडे गावठी अंडी मिळतात ना, तसंच ते." अगदी तसंच, आई! आपण गावठी अंड्याला दुप्पट पैसे का देतो? चव असते, ताकद असते, बलक पिवळाधमक असतो. म्हणजे पुन्हा आपली जीभ आणि आपली ताकद. ए-फोर कागदाएवढीही जागा न मिळता पिंजऱ्यात आयुष्य काढणाऱ्या कोंबडीसाठी आपल्यापैकी किती जण गावठी अंडं घेतात? आपल्या विधी आयोगाने २०१७ साली अंड्यांच्या कोंबड्यांच्या पिंजऱ्यांवर अख्खा अहवाल दिला. आमच्या घरात तो कुणी ऐकलाही नव्हता, मीही नाही. गावठीचा भाव मात्र सगळ्यांना पाठ.

असो. आज पुन्हा शनिवार, आणि मी पुन्हा साडेसातला उठलो. बाईंनी ओळखलं. "कशी लागली सॉसेजेस?" मी जरा चाचरलो, मग खरं सांगून टाकलं. डोळे झाकून खाल्ली, तुमचं एकदा दुसरं आलं, एकदा तिसरं, पहिलं सुपरमार्केटचं आलं. त्या क्षणभर थांबल्या, मग मोठ्याने हसल्या. म्हणाल्या, "आमच्या नवऱ्याला मिरी जास्त घालायची सवय आहे, सांगते त्याला. पण मग परत कशाला आलास?"

मी त्यांच्या मोबाईलकडे बोट दाखवून विचारलं, ती चिखलात लोळणारी कशी आहे?

"काल व्याली," त्या म्हणाल्या. "अकरा झाली. दोन गेली, नऊ आहेत. दोन दिवस नुसता पेंढा ओढत होती, मला जवळ येऊ देईना."

मी सहा सॉसेजेस घेतली. गेल्या वेळी बारा घेतली होती.